बारामती वजा दोन

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरमधल्या एका गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता, इंदापूर तालुक्यात बावड्याजवळच्या एका प्रायोगिक सौर प्रकल्पात नळ्यांमधले तेल गोठले. पंप सुरू केल्यावर ते पुढे सरकले नाही. कोणाला इजा झाली नाही. प्रकल्प सात आठवडे बंद राहिला.

यंदाही थंडी वेळेवर आली आहे. बारामतीत सकाळी कालव्याच्या पाण्यावर वाफ दिसते. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या असतात, ड्रायव्हर टायरशेजारी पाचट पेटवून शेकत बसतात. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास घरात येतो. चहाच्या गाड्यावर माणसे पेला दोन्ही हातांनी धरतात आणि पिण्याची घाई करत नाहीत. न्हाणीघरातल्या बाटलीत खोबरेल तेल पांढरे होऊन बसते, मग कोणीतरी ती बाटली उन्हात खिडकीत नेऊन ठेवते. हे सगळे लहानपणापासून पाहिलेले. हिवाळा हा मला आवडता ऋतू होता. आता तो सुरू झाला की मी सकाळचे वर्तमानपत्र उघडतो आणि आतले पान वगळून पुढे जातो. आतल्या पानावर तालुकावार तापमानाची चौकट असते.

ती चौकट सोळा हिवाळे मी भरत होतो.

एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात मी उपसंपादक होतो. काम साधे होते. बारामतीचा किमान तापमानाचा आकडा वेधशाळेकडून येई. बाकीच्या गावांचे आकडे वार्ताहर किंवा पेपरचे विक्रेते फोनवर सांगत. बावड्याहून युनूसभाईंचा फोन येई. बाजारपेठेत त्यांचे खत-बियाण्यांचे दुकान, दुकानातच आमच्या पेपरची एजन्सी, आणि गावाबाहेर नदीच्या बाजूला दोन एकर द्राक्षबाग. बागेतल्या एका खांबाला त्यांनी तापमापक टांगला होता. औषध कंपनीने फुकट दिलेला, वर औषधाचे नाव छापलेला. सकाळी सहा वाजता ते बागेत जात, आकडा बघत, घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत. त्याच चौकोनात त्यांच्या बायकोने दुधाचे माप लिहिलेले असे. वर दूध, खाली थंडी. मग दहाच्या आत फोन.

"साहेब, युनूस बोलतोय, बावडा. आज आठ. लई गार हाय. बागंत धूर केलाय."

"आठ? बारामतीला बारा आहे, युनूसभाई."

"आसंल की. बारामती माळावर हाय, आमी खड्ड्यात हाय. हितं येऊन बसा एक दिवस सकाळचं, मग कळंल."

कोणी जाऊन बसले नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्यांचा आकडा मी जसाच्या तसा छापला. बारामती दहा, बावडा सहा. त्या दिवशी इंदापुरातून एका वाचकाचा फोन थेट आवृत्तीप्रमुखांना गेला. वाचक हसत होता म्हणे. आवृत्तीप्रमुख हसले नाहीत. टेबलाशी येऊन म्हणाले, "बावडा काय काश्मिरात आहे का हो? शेजारच्या आकड्याशी जुळत नसेल तर जुळवून घ्यायचं. दुकानदाराच्या तापमापकावर पेपर चालवायचा का आपण?"

तेव्हा मी एक नियम केला. बावड्याचा आकडा बारामतीपेक्षा दोनपर्यंत कमी असेल तर छापायचा. त्याहून कमी असेल तर बारामती वजा दोन छापायचे. नियम कुठे लिहिला नाही. कोणाला सांगितला नाही. त्यानंतर एकाही वाचकाचा फोन आला नाही, आणि वृत्तपत्रात याचा अर्थ काम बरोबर चालले आहे असा घेतला जातो.

युनूसभाईंच्या लक्षात आले होते. पेपर त्यांच्याच हातून गावात जायचा. एकदा मार्केट यार्डात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, मी सांगतो आठ, तुमी छापता धा. दोन अंश कुणाला वाटून टाकता?"

मी काहीतरी विनोद केला. काय, ते आठवत नाही. ते हसले आणि म्हणाले, "न्हाय, आपली तक्रार न्हाय. तुमच्या कागदावर तुमची थंडी, माझ्या भिंतीवर माझी." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला, पुन्हा खरा आकडा, आणि मी पुन्हा बारामतीतून दोन वजा केले. आपले ऐकले जात नाही हे माहीत असताना माणूस रोज फोन का करतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

अश्विनी आमच्या कार्यालयात आली ती घटनेच्या आदल्या वर्षी, मार्चमध्ये. वालचंदनगरच्या कामगार वसाहतीत वाढलेली, वडील कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. बावड्याचा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीत ती कंत्राटी अभियंता होती. तिला आमच्या जुन्या अंकांच्या बांधीव फायली बघायच्या होत्या. कशासाठी, असे विचारले तेव्हा तिने टेबलावर पेन आडवे ठेवले.

"ही नळी. दोन्ही बाजूंना पन्हळीसारखे वाकवलेले आरसे. ऊन या नळीवर पडतं, आतलं तेल तापतं, त्या तेलावर पाण्याची वाफ करायची. दिवसा तेल जवळजवळ चारशे अंशांवर जातं. पण हेच तेल बारा अंशांखाली गेलं की गोठतं. आपलं खोबरेल गोठतं ना, तसं."

"मग?"

"मग ते गोठू नये म्हणून सकाळपर्यंत ऊब द्यावी लागते. पंप चालू ठेवून तेल फिरवायचं, नाहीतर नळ्यांना तापणारी तार गुंडाळायची. दोन्हीला वीज लागते. दिवसा कमावलेली वीज थंडीत अशी किती जाणार, याचं गणित माझ्याकडं आहे."

ते गणित असे होते. हिवाळ्यातला प्रत्येक तास घ्यायचा. त्या तासाला बाहेर किती तापमान, नळीतून किती उष्णता जाणार, तेल कधी बाराच्या जवळ येणार, पंप किती वेळ चालवावा लागणार, तार लावली तर किती युनिट. सगळ्या तासांची बेरीज करायची. बेरीज लहान आली तर तारेवर खर्च करण्याची गरज नाही. मोठी आली तर तार लावलीच पाहिजे. बाकी सगळे तिच्याकडे होते. नव्हते ते फक्त बावड्याच्या खोलगट रानातले हिवाळ्याचे तापमान. प्रकल्पावरचा तापमापक तेव्हा बसायचा होता. उपग्रहावरून मिळणारा आकडा मोठ्या चौकोनाचा असतो, त्यात नदीही येते आणि माळही. म्हणून ती वर्तमानपत्राकडे आली होती. चौदा वर्षांची रोजची नोंद, तीही गावाचे नाव घालून, दुसरीकडे कुठे मिळणार?

फायली मीच काढून दिल्या. धुळीने तिला शिंका येत होत्या. चार दिवस ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून आकडे उतरवत होती. मधल्या सुट्टीत डबा उघडायची आणि शेंगदाण्याची चटणी आम्हाला वाटायची. पाचव्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. चेहरा उजळला होता.

"सर, हे बघा. बावडा बारामतीपेक्षा दोननं कमी. त्याच्या खाली फक्त एकदा, पहिल्याच हिवाळ्यात, ती छपाईची चूक असणार! इतका नेमका संबंध मी कुठल्याच नोंदीत पाहिला नव्हता. बारामतीचे तासातासाचे आकडे मिळतातच. त्यातून दोन वजा केले की झालं माझं."

पडद्यावर ठिपके होते. ते सगळे एका रेषेवर येऊन थांबत होते. रेषेखाली एकच ठिपका होता, तो पहिल्या हिवाळ्यातला. ती रेषा मी ओळखली.

तिने पुढे विचारले, "यात कुणी हातानं काही बदललेलं नाही ना, सर? म्हणजे विचारून ठेवते आपलं."

"पेपरात छापून आलंय तेच आहे," मी म्हणालो.

या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता. असे उत्तर कसे द्यायचे हे आमच्या धंद्यात वर्षानुवर्षे शिकले जाते, आणि ते पकडायलाही शिकले जाते. तिने ते पकडले नाही, कारण ती आमच्या धंद्यातली नव्हती. वहीत तिने लिहून घेतले. मग म्हणाली, "इतकी शिस्तशीर नोंद कुणी ठेवत नाही, सर. अहवालात तुमच्या पेपरचे आभार मानणार आहे."

मी गप्प का राहिलो याची कारणे नंतर मी स्वतःला बरीच दिली. शेजारच्या टेबलावर नवा सहकारी बसला होता. दोन-चार अंशांनी काय फरक पडतो, असे वाटले. प्रकल्पाचे लोक आणखी कुठूनतरी खात्री करून घेतील, असेही वाटले. ही कारणे खोटी नाहीत. पण तिने केलेली स्तुती मला आवडली होती आणि ती लगेच परत करायची माझी इच्छा नव्हती. बाकीच्या कारणांच्या आधी हे होते.

तिच्या गणिताची बेरीज लहान आली. नळ्यांना तार लावायची नाही असे ठरले. हवामानाचा अंदाज पाहायचा, बारामतीच्या आकड्यातून दोन वजा करायचे, उत्तर बाराच्या खाली आले तरच पंप चालू ठेवायचा, नाहीतर संध्याकाळी बंद करायचा. प्रकल्प सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तीन दिवस ढगाळ गेले. आरशांवर ऊन पडले नाही, तेल तापले नाही. बुधवारी दुपारी आभाळ मोकळे झाले. बारामतीचा अंदाज पंधराचा होता. पंप बंद केला गेला, आणि खोलगट रानात पहाटे पारा बाराच्या बराच खाली उतरला.

त्या गुरुवारची सकाळ मी पाहिलेली नाही. ऐकलेली आहे. नदीकडून धुके आले होते आणि आरशांवर दव जमून ओघळत होते. आरसे उगवतीकडे वळवलेले होते, पण ऑपरेटरने ते पुन्हा खाली फिरवले, कारण थांबलेल्या तेलावर ऊन पडले असते तर नळ्या वाकल्या असत्या. त्यानंतर बाहेरून ऊब देऊन तेल पातळ करायचा प्रयत्न झाला. दोन सांधे सुटले. या तेलाला वास असतो, गुलाबी जिरेनियमच्या पानांसारखा. तो वास शेजारच्या रानांवर पसरला. युनूसभाई बागेतून धावत कुंपणाशी गेले आणि त्यांनी विचारले, "आरं, अत्तराचा बुधला फुटला का काय?" मग आतल्या माणसांचे चेहरे पाहून ते बागेकडे परत फिरले.

अश्विनी त्यांच्या दुकानात गेली ती चौथ्या दिवशी. पेपरला बावड्याचा आकडा कोण देते, हे तिने गावात विचारले होते. युनूसभाईंनी तिला दुकानामागच्या घरात नेले. त्यांच्या बायकोने जुनी कॅलेंडरे फेकली नव्हती. ती एकाखाली एक त्याच खिळ्याला होती. अश्विनीने ती जमिनीवर मांडली आणि वही काढून वाचायला सुरुवात केली. युनूसभाईंनी नंतर मला सांगितले, "पोरगी गार लादीवर बसून एकेक चौकोन वाचत व्हती. मी म्हणलं, थंडी वाजती का? चहा ठिवू का? तर न्हाय म्हणाली."

तिने त्यांना विचारले होते, आकडे कोणी बदलले. युनूसभाईंनी माझे नाव घेतले नाही. "वरच्या आफिसात काय करत्यात, मला काय म्हाईत," एवढेच म्हणाले. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा आवाजात उपकाराचा सूर नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, काकांच्या कॅलेंडरवर आठ आहे. तुमच्या अंकात दहा आहे. एक दिवस नाही, शेकडो दिवस. मधे कोण होतं?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

वृत्तपत्रात दिवसातून वीस वेळा हे वाक्य बोलले जाते. मी बघितले नाही. बघण्यासारखे काही नव्हते. डिसेंबर संपला. तिचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. जानेवारीत द्राक्षांवर धूर दिसत राहिला. हरभऱ्याला घाटे आले. सकाळी कानटोपी घालून फिरायला जाताना मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत असे. त्या बोलण्यात मी सगळे व्यवस्थित सांगत असे आणि ती समजून घेत असे. घरी आल्यावर मी फोन करत नसे.

कंपनीने चौकशी केली. युनूसभाईंची कॅलेंडरे अश्विनीने पुढे केली, पण समितीने त्यांचा विचार केला नाही. भिंतीवरचे आकडे घटनेनंतरही लिहिता येतात, असे एकाने म्हटल्याचे कळले. छापील अंक बदलता येत नाहीत, म्हणून छापील आकडे खरे धरले गेले. मग चूक गणितात असणार. फेब्रुवारीच्या शेवटी तिचा अहवाल मागे घेतला गेला आणि तिचे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही.

ही बातमी मला आमच्याच वार्ताहराने सांगितली. छापण्याजोगी नाही, असेही तो म्हणाला. मी मान डोलावली.

कंपनीला पत्र लिहिले ते एप्रिलमध्ये. तोवर पंखे सुरू झाले होते. पत्र चांगले होते, नेटके, एका पानाचे. बावड्याचे आकडे कार्यालयीन पद्धतीनुसार जुळवून घेतले जात असत, असे त्यात होते. ते पाठवण्याआधी तिला दाखवावे म्हणून वालचंदनगरला गेलो. वसाहतीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडे आहेत, सकाळीही तिथे सावली असते. दार तिच्या वडिलांनी उघडले. नाव सांगितल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडले आणि म्हणाले, "या. आत या. दारात उभं राहून काय हुणार?"

अश्विनीने पत्र वाचले. वडिलांनी तिच्या हातातून घेऊन चष्मा लावून वाचले. पाणी कोणी विचारले नाही, मग तिची आई स्वतःहून तांब्या घेऊन आली.

"आमच्या शॉपमधी मापात दोन केसांचा फरक पडला, तर तयार पार्ट भंगारात जायचा," वडील म्हणाले. "तुमच्याकडं छापून येतो व्हय?"



"बाबा, राहू द्या," अश्विनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, मी तुम्हाला विचारलं होतं. हातानं बदललंय का, असं विचारलं होतं."

"हो."

"चूक होते, सर. माझीपण झाली. मी बावड्याला आधी जायला पाहिजे होतं, अंकांवर थांबायला नको होतं. पण डिसेंबरात मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तेव्हा समिती बसायची होती अजून." तिने पत्र टेबलावर ठेवले. "यात तुमचं नावच नाही. कार्यालयीन पद्धत म्हणजे कोण? ते पुन्हा मलाच विचारतील."

मी तिच्याकडून कोरा कागद मागितला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून दुसरे पत्र लिहिले. त्यात पाचच वाक्ये होती. मी आकडे बदलले. सोळा हिवाळे बदलले. नियम माझा होता. संबंधित अभियंत्याने मला विचारले असता मी ते लपवले. गणितात चूक नव्हती. खाली सही केली. सव्वीस वर्षे मजकूर लिहिला, पण "मी"ने सुरू होणारे वाक्य कामाच्या कागदावर लिहिण्याची ती पहिली वेळ होती.

तिच्या वडिलांनी कागद उचलला, शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "टपाल दुपारी निघतं," म्हणाले. "रजिस्टर करा."

बावड्याचा प्रकल्प आता चालू आहे. नळ्यांना तार लावली आहे. परवा तिकडे गेलो होतो. सकाळच्या गारठ्यात आरशांच्या रांगा दवाने करड्या दिसत होत्या, पंपाची घरघर कुंपणाबाहेर ऐकू येत होती. तेल गोठू नये म्हणून लागणाऱ्या विजेचे गणित दुसऱ्या एका अभियंत्याने नव्याने केले आहे आणि त्यात युनूसभाईंची कॅलेंडरे वापरली आहेत. कंपनीची माणसे त्यांच्या पानापानाचे फोटो काढून घेऊन गेली. "दुधाचंबी फोटू काढलं," युनूसभाई म्हणाले. "बायकू म्हणती, आता कंपनी बिल दील का दुधाचं?" मी त्यांची माफी मागितली. ते खताच्या गोणीवरची धूळ झटकत होते. "बसा, साहेब," म्हणाले, "उभं नगा राहू." एवढेच. नंतर गिऱ्हाईक आले.

अश्विनी गेल्या उन्हाळ्यापासून राजस्थानात एका छोट्या कंपनीत आहे. तिथल्या मुलाखतीत तिला मागे घेतलेल्या अहवालाबद्दल विचारले गेले. तिने सांगितले ते त्यांनी मान्य केले की नाही, तिला माहीत नाही. पगार आधीपेक्षा कमी आहे. हे तिच्या वडिलांनी सांगितले. तिच्याशी माझे बोलणे झालेले नाही.

माझ्या पत्राची पोच कंपनीकडून त्याच एप्रिलमध्ये मिळाली होती. मजकुराची नोंद घेतली आहे, असे तिच्यात म्हटले आहे. अहवालावरचे कारण दुरुस्त करावे म्हणून त्यानंतर आणखी तीन पत्रे पाठवली. तिन्हींची पोच आहे.

कंपनीच्या संकेतस्थळावर तो अहवाल सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता उघडून पाहिला. पहिल्या पानावर तो मागे घेतल्याचा शिक्का आहे. कारणाच्या जागी "गणन करणाऱ्या अभियंत्याची चूक" असे लिहिलेले आहे. त्याखाली तिचे पूर्ण नाव आहे.